दोन अर्ज

२१ ऑक्टोबर १९७७

परीक्षा होणार! कॉलेजची! अकरा वर्षांनी!

खळ्यावर सोयाबीन झोडपत होतो. भोंगा नेहमीसारखा खरखरला, कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्यातली बाई म्हणाली — यंदापासून कॉलेजात प्रवेश परीक्षेनं. गावच्या शेती-तुकडीची शिफारस नको, कारखान्याची शिफारस नको. कामगार, शेतकरी, शहरातून खेड्यात पाठवलेली शिकलेली मुलं — ज्याला बसायचंय त्यानं बसावं.

पेइजुनच्या हातातून झोडपायची काठी सुटली ती थेट कोंबडीवर. माझ्याच गाडीतून शांघायहून आलेली ही पोरगी. नऊ वर्षांत तिला असं नाचताना पाहिलं नव्हतं.

मी शेजारच्या चावकाकूंना विचारलं, "काय म्हणाली ती?" नीट ऐकलं होतं. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

"कसलीशी परीक्षा म्हणे. तुला काय त्याचं? तुझी परीक्षा रोजच चाललीये, सासूपुढं."

वय तिशीपर्यंत चालेल. लग्न झालेलं चालेल. मी अठ्ठावीसची. लग्न झालेली. म्हणजे मी चालते!

२२ ऑक्टोबर

नवऱ्याला, देशुनला सांगितलं. तो ट्रॅक्टरखाली होता, फक्त पाय दिसत होते. मी त्या पायांशीच बोलले.

"मी परीक्षेला बसू?"

पाय हलले नाहीत. मग आतून, "तो पाना दे. मोठा नव्हे, त्याच्या शेजारचा." दिला. खटखट झाली. मग, "बस की. विचारतेस काय!"

बाहेर आला तेव्हा नाकाला ऑईल. हसत होता. पण पुसायचं म्हणून चेहरा जरा जास्तच वेळ पुसत बसला.

२५ ऑक्टोबर

बीजगणिताचं पुस्तक आलं! पेइजुनच्या भावानं पाठवलं. पुस्तक एक, परीक्षार्थी दहा. शेवटी कोयत्यानं पुस्तकाचे पाच भाग केले. माझ्या वाट्याला मधला — पान एक्याऐंशी ते एकशेचाळीस. दर चार दिवसांनी बदली.

त्यामुळे सध्या मला जे येतं त्याची सुरुवात मला माहीत नाही. शेवटही नाही.

३० ऑक्टोबर

हिवाळ्याचा कोबी आंबवायला घातला. साडेतीनशे गड्डे. कापता कापता त्रिकोणमिती घोकली. बोट कापलं.

३ नोव्हेंबर

गावाला नवी करमणूक मिळाली आहे — देशुन. तो दिसला की सुरू.

"काय देशुन, बायको शहरात चालली म्हणे?"

"गेली की नाही यायची परत!"

"दुसरी बघून ठेव रे आत्ताच, नंतर घाई होते!"

तो म्हणतो, "बघितली. पण तिला स्वयंपाक हिच्याहून वाईट येतो." सगळे हसतात. घरी आल्यावर मात्र लेकीला, म्याओम्याओला मांडीवर घेऊन बसून राहतो. चार वर्षांची पोर त्याचे कान ओढते, तो ओढू देतो.

मी जाईन का? मलाच माहीत नाही. शिकायचं आहे एवढं माहीत आहे. शाळा बंद झाल्या तेव्हा मी सतरा वर्षांची होते. गणिताच्या बाईंनी फळ्यावर अर्धवट सोडलेलं गणित अजून आठवतं.

६ नोव्हेंबर

शिक्का मिळाला नाही!

अर्जावर तुकडीप्रमुखाचा शिक्का लागतो. तुकडीप्रमुख म्हणजे यिनदादा. पेइजुनला मारून दिला, बाकीच्या आठ जणांना दिला. माझा अर्ज मात्र खणात ठेवला, आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुझं जरा थांबव. घरचे काय म्हणतात बघ आधी."

"घरचे हो म्हणतात."

"सगळे?"

तेव्हाच उमगलं. सासूबाई सकाळी "मीठ आणते" म्हणून गेल्या होत्या. मीठ घरात भरपूर आहे.

७ नोव्हेंबर

काल पुढचं लिहिता आलं नाही, फार रागावले होते. आज सगळं लिहिते.

मी घरी आले आणि सरळ विचारलं, "आई, तुम्ही यिनदादांकडे गेला होतात?"

खांगवर — म्हणजे खालून तापवलेल्या ओट्यावर, आमचं सगळं घर हिवाळाभर तिथंच असतं — बसून कापडी बुटाचा सोल शिवत होत्या. दोरा दातानं तोडला.

"गेले होते."

"का?"

"का म्हणजे? मला एकच मुलगा, त्याला एकच बायको. तीही गेली तर पोरीच्या वेण्या मी घालू? माझी बोटं बघ!" बोटं खरंच वाकडी झाली आहेत. माझा राग थोडा पातळ झाला, आणि त्याचाच आणखी राग आला.

मी म्हटलं, "मी पळून चालले नाही."

"सगळ्या असंच म्हणतात. पल्याडच्या गावची ती तियान्जिनवाली, तीही असंच म्हणाली होती. गेली ना? रुमाल विसरला, तो न्यायलासुद्धा आली नाही."

मी रडायच्या बेतात. म्याओम्याओ आधीच रडायला लागलेली, कारण दोघींचे आवाज चढले. तेवढ्यात देशुन आला. सगळं ऐकलं. मला वाटलं, आता हा आईची बाजू घेणार. नाहीतर माझी घेणार, आणि मग हिवाळाभर ऐकून घ्यावं लागणार.

त्यानं कोणाचीच घेतली नाही. टोपी काढली, डोकं खाजवलं. म्हणाला, "आई, मग कसं करू? हिला बांधून ठेवू?"

सासूबाईंनी सुई सोलात खुपसली. मग म्हणाल्या, "तू पण दे परीक्षा."

"मी?"

"शाळेत होतास ना दोन वर्षं, तालुक्याला? मग! जिथं ती जाईल तिथं जा. लक्ष राहील."

देशुन इतका हसला की खांगवर आडवाच पडला. मग मी हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी उठून त्याची स्वच्छ बंडी काढली. "जा आत्ताच. यिन जेवायला बसायच्या आत."

८ नोव्हेंबर

दोन अर्ज, दोन शिक्के! यिनदादा म्हणाले, "आता ट्रॅक्टर कोण चालवणार, माझी म्हातारी?"

कॉलेजांची नावं भरायची होती. मी विचार करून करून लिहिली — पहिलं गणित, मग गणित, मग शिक्षकांचं कॉलेज. देशुननं अर्ध्या मिनिटात लिहिलं — शेतकी यंत्रांचं कॉलेज. म्हटलं, हेच का? "या ट्रॅक्टरचा गिअर तिसऱ्यावरच का अडकतो ते त्यांना विचारायचंय."

२० नोव्हेंबर

घराचा वर्ग झालाय. दुपारी मी खांगवर एका टोकाला, देशुन दुसऱ्या टोकाला, मध्ये म्याओम्याओ. ती आता "एक्स बरोबर" म्हणायला शिकली. कशाच्याही आधी म्हणते. "एक्स बरोबर भूक लागली."

देशुनला राज्यशास्त्र पाठ होत नाही. भोंग्यावर दिवसभर जे ओरडतात तेच आहे, तरी! म्हणतो, "ऐकताना झोप यायची सवय लागलीये." पण पदार्थविज्ञान वेगळंच. बल, घर्षण, चाकं — सगळं त्याला ट्रॅक्टरमध्ये दिसतं. पुस्तकातली रीत येत नाही. स्वतःचीच काहीतरी खटपट करतो, भलतीकडून शिरतो आणि उत्तरापाशी निघतो. आज मी दोन तास अडले ते गणित त्यानं मक्याच्या दाण्यांनी सोडवलं. मला राग आला. मग रीत विचारून घेतली.

२ डिसेंबर

बाबांचं पत्र आलं, शांघायहून. सत्तावन्न सालापासून त्यांच्यावर 'उजवे', म्हणजे पक्षाचे विरोधक, असा शिक्का. ज्या शाळेत विज्ञान शिकवायचे, तिथलंच अंगण झाडतात. पत्रात स्वतःबद्दल एक ओळ. बाकी नऊ पानं — लॉगॅरिदमचे तक्ते, हातानं उतरवलेले, एकही खाडाखोड नाही. शेवटी लिहिलंय, "माझ्यामुळे तुझं अडू नये असं वाटतं. या वेळी अडणार नाही असं ऐकतो."

नऊ पानं मी खूप वेळ हातात धरून बसले. देशुननं चहा आणून ठेवला आणि पोरीला घेऊन बाहेर गेला.

११ डिसेंबर

उणे अठ्ठावीस. सासूबाई मला रोज एक अंडं देतात. देशुनला नाही! "तो तर लक्ष ठेवायला चाललाय, त्याला कशाला?"

२४ डिसेंबर

पहिला दिवस झाला. तालुक्याच्या शाळेत मुक्कामाला आहोत, मुली एका खोलीत, पुरुष दुसऱ्या.

पहाटे देशुननं ट्रॅक्टर काढला. मागच्या ट्रॉलीत आम्ही दहा जण, गवत आणि दोन गोधड्या. सगळे सूत्रं म्हणत होते, तोंडातून वाफा. पेइजुननं शाईची बाटली गोठू नये म्हणून काखेत धरली होती. ओढ्यापाशी ट्रॅक्टर बंद! देशुन उतरला, हातमोजे काढले — त्या थंडीत! — आणि आत हात घातला. आम्ही गोल उभे राहून त्याला वारा अडवला. कुणीतरी म्हणालं, आता राहिलंच. मी मनात म्हटलं, हे आता राहू शकत नाही. अकरा वर्षं थांबलोय!

अकरा मिनिटांत सुरू. पेइजुन घड्याळ लावूनच बसली होती.

पोचलो तेव्हा घंटा होत होती. अंगणात केवढी माणसं! मिशीवाले बाप्ये, पाठीला पोर बांधलेली एक बाई, एक मास्तर आणि त्याचा विद्यार्थी एकाच रांगेत. सगळे एकमेकांकडे बघून हसत होतो, ओळख नसताना.

देशुनला हात धुवायला वेळ मिळाला नाही. त्याच्या पेपरावर काळा अंगठा उमटला. पर्यवेक्षक म्हणाले, "हे काय?" हा म्हणाला, "ट्रॅक्टरची सही."

गणित चांगलं गेलं. शेवटचं सुटलं! मक्याच्या दाण्यांची रीत वापरली.

२५ डिसेंबर

संपलं. परत येताना कुणीच सूत्रं म्हटली नाहीत. गाणी म्हटली.

२० जानेवारी १९७८

यादी लागली! पास होऊन वैद्यकीय तपासणीला बोलावलेल्यांची. पेइजुन आहे. मी आहे. आणि — लुआन देशुन!

देशुननं यादी तीनदा वाचली. "दुसरा कुणी लुआन देशुन असेल." यिनदादांनी त्याच्या पाठीत थाप घातली. "दुसऱ्या कुठल्या लुआन देशुनला मी शिक्का दिलेला नाही. तूच तो!" चावकाकूंनी भर रस्त्यात सासूबाईंना विचारलं, "आता गं? दोघंही?" सासूबाई म्हणाल्या, "त्याला कोण घेतंय! तपासणी फुकट आहे, करून घेईल."

२७ जानेवारी

तपासणी. माझा रक्तदाब ठीक, वजन कमी. देशुन सगळ्यात धडधाकट.

मग दुसऱ्या टेबलावर घरची चौकशी. फॉर्म भरणारा माणूस तरुण होता, मफलर हिरवा.

"वडील?"

"शिक्षक."

"पुढे?"

मी सांगितलं. उजवे, सत्तावन्न सालापासून. त्यानं लिहिलं. वर बघितलं नाही. पेनची निब अडली तेव्हा झटकली, पुन्हा लिहिलं. "ठीक आहे," म्हणाला. ठीक आहे म्हणजे काय असतं?

माझ्यामागे देशुन.

"वडील?"

"गाडीवान. वारले."

"पुढे?"

"पुढे बैल होता."

त्या माणसाला हसू आवरेना. मलाही. बाहेर आल्यावर देशुननं माझा हात त्याच्या खिशात घातला आणि स्टँडपर्यंत काढू दिला नाही.

७ फेब्रुवारी

जुन्या पंचांगाचं नवं वर्ष. पहाटेपासून फटाके. दोनशे मोमो केले, डुकराचं मांस आणि आंबट कोबी घालून. म्याओम्याओनं अकरा खाल्ले आणि एक्स बरोबर पोट दुखलं.

पीठ मळताना सासूबाई अचानक म्हणाल्या, "जा तू."

"कुठे?"

"कॉलेजचं पत्र येईल तेव्हा. वेण्या घालीन मी. वाकड्या घालीन, पण घालीन." माझ्याकडे बघितलं नाही. "महिन्याला एक चिठ्ठी टाक. मला वाचता येत नाही, देशुन वाचून दाखवील. बरं वाईट लिहू नकोस, त्याला रडू येतं."

मी पाणी ओतत राहिले. पिठात पाणी जास्त झालं.

१६ फेब्रुवारी

पेइजुनचं पत्र आलं! हार्बिन, वैद्यकीय! तिनं पोस्टमनचा मुका घेतला. साठ वर्षांचा म्हातारा, सायकलवरून पडला.

२० फेब्रुवारी

आज पोस्टमन नाही. रस्त्यावर बर्फ.

२१ फेब्रुवारी

आज आला. आमच्याकडे नाही. तुमचंही येईल म्हणाला, माझ्यापासून दोन हात लांब उभं राहून.

२५ फेब्रुवारी

पाकीट आलं. एकच. शेतकी यंत्रांचं कॉलेज, पुढच्या शनिवारी हजर व्हायचं — देशुननं.

पोस्टमननं पिशवी माझ्यासमोर उलटी केली. माझं काही नाही.

देशुन म्हणतो, मी जाणार नाही. सासूबाई चुलीपाशी बसून आहेत. मी गोठ्यामागे जाऊन रडून आले, तोंड धुतलं, आणि त्याला म्हटलं — ऊठ, मला ट्रॅक्टर शिकव. शनिवारी तुला स्टेशनवर सोडायला दुसरं कोण आहे?