एकेचाळीस नंबरची बाटली

८ जानेवारी १९८६, घोटावडे
पोचलो एकदाचा. माझी बॅग डॉक्टरसाहेबांनी स्वतः उचलली. डॉक्टरसाहेब म्हणजे आमचा जयसिंग, हॉस्टेलात माझे मोजे घालून फिरणारा. माणूस गळत, विसरत जातो तो आजार नुसत्या रक्तावरून आधीच ओळखायचा, असं पुण्याच्या आणि परदेशातल्या लॅबचं मिळून संशोधन आहे. रक्त काढायचं काम माझं. अण्णा याच आजारानं गेले. शेवटी मला ओळखेनात. हे मी फक्त जयसिंगला सांगितलंय. ही वहीसुद्धा त्यानंच दिली. म्हणाला, सोपान, रोज लिहीत जा.

१९ जानेवारी
रुग्णांना पाच वस्तू दाखवायच्या: विळा, कंदील, फणी, कुलूप, चमचा. मग फडक्यानं झाकून दहा मिनिटांनी विचारायच्या. धोंडाबाईंना तीनच आठवल्या. मलाच म्हणाल्या, लई शाना हायस, तूच सांग की. सांगितल्या. बाटल्यांवर नाव नसतं, नुसता नंबर. निरोगी माणसाचं रक्त हवं म्हणून माझंही घेतलं. माझा नंबर एकेचाळीस.

३ एप्रिल
आज वस्तू चारच मांडल्या होत्या. विळा, कंदील, फणी, कुलूप. धोंडाबाई पाच म्हणून भांडत बसल्या. जयसिंगनं काहीतरी टिपून घेतलं.

२१ एप्रिल
जयसिंगच्या टेबलावर फाइल उघडी होती. एकेचाळीस: रोगी गट. नोंद डिसेंबरातली, म्हणजे मी यायच्या आधीची. अण्णांचा आजार सगळा लिहिलाय. खाली जयसिंगचं अक्षर: ‘नोकरीच्या निमित्तानं आणतो. रोजनिशी लिहायला लावतो.’ माझ्या पानांच्या नकला परदेशी जातात. विश्वासानं सांगितलं होतं रे तुला. फार लागलं. उद्या पहिल्या एसटीनं घरी.

२२ एप्रिल
जयसिंग चहा घेऊन आला. फार जपतो मला. बॅग कुणी भरून ठेवलीय कळत नाही.

मे
मागची पानं वाचली. फाइल, बॅग, एसटी — अक्षर माझंच. असलं पान आणखी दोनदा आहे. धोंडाबाईंना विचारलं. म्हणाल्या, तू यष्टीपतुर जातोस आन् डाक्टर हाताला धरून माघारी आनतोय. हसत येतोस की.

मे?
वही लपवायची. कुठे लपवली ते लिहायचं — कुठे लिहायचं?

आज
जयसिंग समोर बसलाय. फडकं टाकलंय. आधी त्याला तोंडावर विचारणार, की तू मला — विळा, कंदील. विचारणार, की मित्र असून — विळा —