प्रेसवरच्या पोरांचे कान

३ मार्च
आज चौदा जणांचे कान तपासले. सगळे कारखान्यातल्या पत्रा ठोकायच्या प्रेसवरचे, सगळे पंचविशीच्या आतले. पद्धत साधी — त्यांच्या कानावर हेडफोन, माझ्या अंगठ्याखाली बटण. आवाज आला की त्यांनी बोट वर करायचं.

बारावी झालेले खिडकीबाहेर बघतात. न झालेले माझ्या अंगठ्याकडे! कारण उघड आहे. कान गेला की प्रेस बंद. मग ज्याच्याकडे बारावीचा कागद, त्याला स्टोअरमधलं टेबल. बाकीच्यांना घरचा रस्ता. मी बघून न बघितल्यासारखं करते.

४ मार्च
एकाच प्रेसवरचे दोघे. बारावीवाल्याला बारीक आवाज येईना. सोमवारपासून तो स्टोअरला, खुशीत गेला. दुसऱ्याला दारात मागून हाक मारली तर वळलाही नाही, पण तपासणीत पैकीच्या पैकी! तो परत प्रेसवर. सही माझीच.

७ मार्च
आई धाकट्यावर चिडली. चारदा हाक मारली तरी ढिम्म हलत नाही म्हणे. तो म्हणाला, लक्ष नव्हतं.

माझा भाऊ. वय बावीस, अठरा पूर्ण झाल्यापासून आमच्याच कारखान्यात प्रेसवर. बाबा गेले तेव्हा तो नववीत, मी बारावीत. दोघांची शाळा परवडणार नव्हती. "तू शिक, माझं डोकं तसंही चालत नाही," म्हणाला. साफ खोटं! गणितात माझे कान कापायचा.

गेल्या वर्षी त्याला मीच पास केलं. अंगठा नेहमीपेक्षा जरा उंच उचलला. कुणाला कळलं नाही. मला लाज वाटते, ती अजून जात नाही.

९ मार्च
मॅनेजरांना विचारलं, कागद नसलेल्याला स्टोअरला घ्याल का? पत्र्याची सगळी मापं त्याला तोंडपाठ आहेत. म्हणाले, "मॅडम, मला एकही पाठ नाही. पण माझ्याकडे कागद आहे." प्रामाणिक माणूस!

धाकट्याला म्हटलं, बाहेरून दहावीला बस. म्हणे, आता या वयात? बाविसाव्या वर्षी म्हातारा झाला!

१० मार्च
काही विशेष नाही. नऊ जण तपासले. नऊही पास.

११ मार्च
माल उचलायची गाडी आज मागे येत होती, भोंगा वाजवत. धाकटा मधोमध उभा. कुणीतरी कॉलर धरून ओढलं म्हणून वाचला. जेवताना हसत सांगत होता, नवा शर्ट फाटला म्हणून. आईपण हसली.

उद्या त्याची तपासणी.

१२ मार्च
खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली. तो आला, खुर्चीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, बसला. बारीक आवाजापासून सुरुवात केली. वाढवत वाढवत शेवटच्या टोकापर्यंत नेला. तो बोट तयार ठेवून बसलेला. बऱ्याच वेळाने, न वळताच म्हणाला,

"ताई, सुरू कर ना."