सतरा तारखेची ड्युटी-लिस्ट

८ तारीख, शनिवार

गेले. जायचं नाही असं ठरवून घरातून निघाले आणि तरी गेले! एका बंद शाळेचा हॉल, सत्तर-ऐंशी माणसं. चार हॉस्पिटलांतल्या सिस्टर, मावश्या, लॅबवाले, अँब्युलन्सचे ड्रायव्हर. दारात पत्र्याचा डबा – प्रत्येकाने मोबाइल त्यात ठेवायचा. मी ठेवला, परत काढला, बंद आहे ना ते पाहिलं, पुन्हा ठेवला. मागची बाई म्हणाली, "अहो ठेवा की, चावत नाही तो डबा." सगळे हसले.

शेवटच्या बाकावर बसले. दाराजवळ. पळायला बरं.

चिमणी आली होती. आमच्याच वॉर्डातली सिस्टर, एवढीशी आहे म्हणून सगळे चिमणी म्हणतात. उभी राहून बोलली. "त्या रात्री दोन वॉर्ड आणि मी एकटी. बावन्न पेशंट. शेजारच्या वॉर्डात सलाइन लावत होते, तेवढ्यात इकडे बाळाची ऑक्सिजनची नळी निघाली. मी आले तेव्हा –" बाळ गेलं होतं. खाली बसली. तिला सस्पेंड करून आज एकवीस दिवस झाले. सोमवारी सतराला चौकशीचा निकाल आहे, आणि निकाल काय लागणार ते शेंबडं पोरही सांगेल.

त्या रात्रीची ड्युटी कोणी लावली होती, हे हॉलमध्ये कुणी विचारलं नाही. चिमणीनेही सांगितलं नाही. माझ्याकडे नुसतं पाहिलंसुद्धा नाही.

मी लावली होती. लिस्टखाली सही माझी आहे. इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे म्हणायची छाती नाही.

९ तारीख, रविवार

परत गेले. आज ठरवाठरवी. दिवस सतरा तारीखच. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. मुख्य दरवाजाशी युनिफॉर्म घालून गप्प उभं राहायचं. मोठ्या पायऱ्यांवर बावन्न रिकाम्या खुर्च्या मांडायच्या आणि त्यांच्यासमोर एकच सिस्टर. घोषणा नाहीत. बघणाऱ्याने मोजावं.

लॅबमधला एक तरणाबांड उठला, "गेटला कुलूप ठोका, मगच ऐकतील!" त्यावर आमचा अँब्युलन्सवाला दादा म्हणाला, "कुलूप ठोकलंस तर माझी गाडी कुठून येणार, तुझ्या डोक्यावरून?" तिथेच ठरलं. मागचा दरवाजा अँब्युलन्ससाठी सताड उघडा. वॉर्डातली ड्युटी कुणी सोडायची नाही. फक्त ज्यांना ऑफ आहे, त्यांनीच यायचं. एकाही पेशंटचं औषध चुकता कामा नये.

आणि कागदावर काही लिहायचं नाही. मागच्या वर्षी एका हॉस्पिटलात नावांची यादी सापडली आणि अकरा जणांच्या बदल्या झाल्या म्हणे.

मग दादाने घात केला. "सोमवारी येऊ शकणारी ही बेचाळीस माणसं कुठे कुठे लावायची कोणी? सिस्टर, तुम्ही लावा. वीस वर्षं तेच करताय." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. आणि मी "बरं" म्हणाले! एरवी चारचौघांत तोंड उघडत नाही, आजच नेमकं उघडायचं होतं.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. पॅरालिसिसनंतर ह्यांचे शब्द मोजकेच उरलेत. अर्ध्या तोंडाने हसले आणि म्हणाले, "वाघीण!" हा एक शब्द स्वच्छ येतो. आणि सगळ्या शिव्या.

१० तारीख, सोमवार

जेवण गेलं नाही. सारखं क्वार्टर डोळ्यांसमोर येतं. सस्पेंड झाले तर पंधरा दिवसांत सोडावं लागेल. तळमजला आहे म्हणून ह्यांची चाकाची खुर्ची बाहेर तरी निघते. तिसऱ्या मजल्यावर खोली घेतली तर हे खिडकीतूनच जग बघणार.

नऊ वर्षांपूर्वी एकदा सही केली होती. ऑपरेशनची हत्यारं उकळायचं मशीन बिघडलंय, एवढीच तक्रार. तिसऱ्या आठवड्यात बदली! एवढी लांब, की लेक सातवीतून दहावीत गेली ती मी सुट्ट्यांत पाहिली. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण मी परत आले तेव्हा ती स्वतःची वेणी स्वतः घालत होती.

तेव्हापासून माझी सही दोनच ठिकाणी. हजेरीपटावर आणि ड्युटी-लिस्टवर.

११ तारीख, मंगळवार

मेट्रनचा राउंड. आम्ही तिला 'तांबडी शाई' म्हणतो. तिच्याकडून लिस्ट परत आली की जखमी होऊन आल्यासारखी दिसते. अमकीला लागोपाठ नाइट का, तमकीचा ऑफ कुठे गेला. आणि खाली सही विसरली असेल, तर एक वाक्य ठरलेलं – "लिस्ट करणारीची सही राहिली आहे." चिमणीच्या हातात सस्पेन्शनचं पत्र तिनेच ठेवलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नव्हती.

आज नऊ नंबरच्या पाळण्यापाशी थांबली. त्याच पाळण्यापाशी.

"रात्री इथे किती जणी असतात?"

"एक, मॅडम."

"शेजारच्या वॉर्डातही तीच?"

"तीच."

वहीत काहीतरी लिहिलं आणि गेली. मेले मी! राउंड कसला, जबाब घेऊन गेली माझा.

१२ तारीख, बुधवार

डोक्यात राहत नाही. बेचाळीस नावं! ही दरवाजाशी लावावी तर हिची संध्याकाळ, ती खुर्च्यांपाशी लावावी तर तिचे गुडघे दुखतात. कागदावर नको म्हणायला काय जातं. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली.

शेवटी जेवणाच्या सुट्टीत ड्रॉवरमधून ड्युटीचा कोरा फॉर्म काढला. चौकटी समोर आल्या आणि हात आपोआप चालायला लागला. दहा मिनिटांत झाली! मुख्य दरवाजा, मागचा दरवाजा, खुर्च्या, पाणी. एकही वॉर्ड उघडा पडत नाही. खोटं कशाला बोलू, वीस वर्षांत इतकी सुरेख लिस्ट माझ्या हातून झाली नव्हती.

दोन जागा कोऱ्या ठेवल्या. खुर्च्यांसमोर एकटीने उभं राहायची ती एक. चिमणीला आवारात यायला बंदी आहे आणि दुसरं नाव मला सुचेना. सुचेना म्हणजे काय – सुचत होतं. लिहवेना. दुसरी कोरी जागा खालची, सहीची.

संध्याकाळपर्यंत पाठ करायची आणि जाळून टाकायची, असं ठरवून हजेरीपटाखाली सरकवली. तेवढ्यात आकडी आलेलं पोर आलं. तासभर मान वर केली नाही. पोर वाचलं. मी तशीच घरी आले, आणि घरी आल्यावर लेकीचा फोन, ह्यांचं औषध, ह्यांचं जेवण.

१३ तारीख, गुरुवार

लिस्ट नाही.

१३ तारीख, पुन्हा

वॉर्डातल्या मावशीला विचारलं. सहज विचारल्यासारखं विचारलं. "टेबलावर एक फॉर्म होता –"

"ते होय! चारही फॉर्म फाइलला लावून सकाळीच मेट्रनकडे देऊन आले की. गुरुवार ना आज?"

गुरुवार. बदलीची तीन वर्षं सोडली तर अठरा वर्षं दर गुरुवारी मावशी माझ्या टेबलावरचे ड्युटीचे फॉर्म उचलते, फाइलला लावते आणि मेट्रनकडे पोचवते. कधी सांगावं लागलं नाही. आणि मी शहाणी! लपवायला फॉर्म घेतला तो ड्युटीचा, आणि तोही बुधवारी!

बेचाळीस जणांची नावं. वर ठळक – सतरा तारीख. सही नाही म्हणून काय झालं? इतकी वर्षं ती माझं अक्षर तपासते आहे.

अँब्युलन्सच्या शेडपर्यंत दोनदा गेले आणि परत आले. तिसऱ्यांदा दादाला सांगितलं. तो टायर तपासत होता. उठला नाही. तसाच म्हणाला, "कागदावर नको म्हटलं होतं ना, ताई." रोज सिस्टर म्हणतो. आज ताई म्हणाला. त्याचंच जास्त रडू आलं. त्याची सून त्या बेचाळिसांत आहे.

"फाइल परत कधी येते?"

"शुक्रवारी दुपारी."

"तोवर थांबू. आत्ता ओरडा केला तर पळापळ होईल आणि न पाहिलेल्यालाही दिसेल."

मेट्रनच्या दारापर्यंत गेले. चूक माझी एकटीची, बाकीच्यांना ठाऊकही नाही, असं सांगायचं. वाक्य तयार होतं. आत खुर्ची करकरली आणि मी जिना उतरून खाली!

ह्यांना सांगितलं. आज वाघीण म्हणाले नाहीत. एक अस्सल शिवी हासडली, अगदी खणखणीत. मला की मेट्रनला, ते कळलं नाही. मग डाव्या हाताने माझा हात धरून ठेवला. मी लिहिते आहे ते उजव्या हाताने, डावा अजून तिकडेच आहे.

१४ तारीख, शुक्रवार, सकाळ

मावशी सांगत आली – मोठे साहेब मेट्रनच्या ऑफिसात आहेत, दार आतून लावलंय, साहेबांचा आवाज बाहेरपर्यंत येतोय. मेट्रनचा येत नाही.

झालं. संपलं. वॉर्डात इंजेक्शनची नोंद करताना दोनदा तारीख चुकले. दोन्ही वेळा सतरा लिहिली.

पलंग आधी विकावा लागेल. लोखंडी आहे, नव्या खोलीच्या दारातून जाणार नाही.

१४ तारीख, दुपार

फाइल आली.

पहिल्या तीन लिस्ट नेहमीसारख्या. चौथी तांबडीलाल! 'मागचा दरवाजा – दोघी कमी पडतील, चार लावा.' 'हिची रविवारी नाइट आहे. सोमवारी हिला झोपू द्या.' बरोबर आहे, माझ्या नजरेतून सुटलं होतं. खुर्च्यांसमोरच्या कोऱ्या चौकटीत मेट्रनने स्वतःचं पूर्ण नाव लिहिलंय.

मागे टाचणीने एक जुना कागद. त्या रात्रीची लिस्ट. खाली माझी सही आणि शेजारी 'मंजूर' म्हणून तिची. दोन्हींभोवती तांबडं वर्तुळ. 'सोमवारी हीही बरोबर घ्या. पोरीने एकटीने का भोगावं?'

आणि सगळ्यात शेवटी, नेहमीच्याच जागी – 'लिस्ट करणारीची सही राहिली आहे.'

केली. वेडीवाकडी आलीय. पण माझी आहे, हे कुणालाही कळेल.