माझ्या तिकिटावरचं अस्वल

ती. दाजींना, आठ दिवस घाटाची वळणं खाऊन किंचित डावीकडे कललेला सा. न.

आपली पाठ आता कशी आहे? ताईचा खोकला थांबला का, की तो थांबला असं ती नुसतं सांगते? आम्ही उभयता ठीक. (उभयतांपैकी एकाचा गुडघा सोडून. तो पुढे येईलच.)

मुक्कामाला हे डोंगरातलं गाव निवडण्याची कल्पना माझी होती, हे मी कधीच नाकारलं नाही. नकाशात हे गाव मधोमध आणि तिन्ही बाजूंना तीन राष्ट्रीय उद्यानं, प्रत्येक वीतभर अंतरावर. रोज सकाळी निघावं, उद्यान पाहावं, संध्याकाळी आपल्या खोलीत गरम पाण्यानं पाय धुवावेत, असं नऊ दिवसांचं वेळापत्रक मी तीन रंगांत आखलं होतं. समोच्चरेषा जवळजवळ आल्या की चढ तीव्र समजावा, हे मी एकतीस वर्षं पोरांकडून घोकून घेतलं. या नकाशावर त्या रेषा इतक्या दाटीनं होत्या की मला ती छपाईची शाई फुटल्यासारखी वाटली. वीतभर अंतराला साडेतीन तास लागले. जायला.

खोली चांगली आहे. भिंती लाकडी, त्यामुळे शेजारचा पाहुणा कुशीवर वळला की आपल्यालाही वळावंसं वाटतं. खिडकीतून समोरच्या लाँड्रीचं छप्पर आणि त्यामागे थोडा पर्वत दिसतो. पहिल्याच दिवशी अकराव्या वळणावर हिनं गाडी थांबवायला लावली, रस्त्याच्या कडेला जे करायचं ते केलं, आणि तोंड पुसत जाहीर केलं, "उद्यानं तुम्ही बघा, मी गाव बघते." तेव्हापासून ती घरमालकीणबाईंबरोबर बाजारात असते आणि तिला इथल्या निम्म्या घरांतली भांडणं तोंडपाठ झाली आहेत.

आमचे ड्रायव्हर म्हणजे एक पन्नाशीकडे झुकलेले गृहस्थ. सारं गाव त्यांना सावकाशराव म्हणतं, कारण कुठलंही वळण ते वाटाघाटी केल्याशिवाय घेत नाहीत. त्यांच्या सावकाशपणानं आम्ही पहिल्या उद्यानाशी पोचलो तेव्हा कळलं की ते दर मंगळवारी बंद असतं. तो मंगळवार होता. दुसऱ्या उद्यानात धुकं. तिथल्या वाटाड्यानं मात्र कर्तव्यात कसूर केली नाही: पांढऱ्या शून्याकडे बोट दाखवून "या बाजूला सांबरं असतात", दुसऱ्या शून्याकडे दाखवून "तिकडे रानबकऱ्या" असं तो दोन तास सांगत राहिला. माझ्या वर्गातली मुलं माझ्याकडे कशी बघत असतील याचा मला प्रथमच अंदाज आला. उतरताना पायरीही धुक्यातच होती, आणि गुडघा गेला.

तिसऱ्या उद्यानाच्या दारात पोचलो तेव्हा गुडघ्याचा पपनस झाला होता. आत फक्त उद्यानाची उघडी गाडी जाते, तिची पायरी कमरेइतकी उंच. बाहेरच्या गाड्यांनी आणि ड्रायव्हरांनी फाटकाशी पत्र्याच्या शेडमध्ये थांबायचं. तिकीट दोन महिने आधी काढलेलं. ते वाया जाणार म्हणून मी सावकाशरावांना सहज विचारलं, आत काय काय दिसतं? ते म्हणाले, काय की, आम्ही कधी आत गेलो नाही.

दाजी, हा मनुष्य बावीस वर्षं त्या फाटकाशी माणसं आणून सोडतो. कधीच नाही? तर म्हणाले, "कामाच्या दिवशी शेडमध्ये बसायचं असतं. आणि सुट्टीच्या दिवशी कोण ऑफिसच्या दारात जाऊन बसतंय?" मी तिकीट त्यांच्या हातात दिलं. "मी? आत? मग गाडी कोण बघणार?" मी बघतो, म्हटलं. त्यांनी किल्ली दिली, परत घेतली, हँडब्रेक तपासला, पुन्हा दिली. माझा कॅमेरा त्यांच्या गळ्यात अडकवला. फाटकावरच्या कारकुनानं यादीत "निवृत्त शिक्षक, वय एकसष्ट" वाचून त्यांच्या काळ्याभोर केसांकडे पाहिलं आणि म्हणाला, "तब्येत छान ठेवलीय सर."

शेडमध्ये सहा ड्रायव्हर पत्ते खेळत होते. त्यांनी मला जागा दिली आणि कुठली गाडी, असं विचारलं. मीही सांगितली. पत्त्यांत सपाटून हरलो, पण ज्ञान मिळालं. आतून परतलेल्या माणसांना काय दिसलं हे न विचारता कसं ओळखायचं, हे त्यांनी शिकवलं. फार बडबडत उतरली तर काही दिसलेलं नाही. चिडून उतरली तर ससा. गप्प उतरली तर मात्र गाडी हळू चालवायची.

सावकाशराव गप्प उतरले.

किल्ली घेतली, गाडी सुरू केली, नऊ वळणं एक अक्षर नाही. दहाव्यावर गाडी कडेला घेऊन थांबले. "सर, तिनं माझ्याकडे बघितलं," म्हणाले. अस्वलीण. ओढ्याशी, दोन पिल्लांसकट. "एकानं दुसऱ्याला पाण्यात ढकललं, तर हिनं त्याला अशी एक ठेवून दिली! अगदी आमच्या घरातल्यासारखी." मग स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "बावीस वर्षं मी गिऱ्हाइकांना सांगत आलो, आत काही नसतं हो, नुसती झाडं. किती जणांना परत फिरवलं असेल मी."

मी कधी न पाहिलेले समुद्रप्रवाह एकतीस वर्षं फळ्यावर काढत आलो, ते त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. गाडी सुरू केली.

ताईला नमस्कार. पाठीला शेक द्या.

आपला,
शालक

ता.क. सोबत अस्वलिणीचा फोटो आहे. थोडा हलला आहे. फोटो काढणारा हलला होता.

ता.क. दुसरा. पुढच्या महिन्यात आपल्या निसर्ग मंडळात माझं "तीन उद्याने: प्रत्यक्ष अनुभव" हे भाषण आपण जाहीर करून बसला आहात. मी एक फाटक, एक धुकं आणि एक शेड पाहिली आहे. तेव्हा काही कारण काढून माझं नाव रद्द करावं, किंवा माझ्या जागी सावकाशरावांना बोलवावं. खरं तर एवढ्यासाठीच हे पत्र. आणि हिला यातलं काही कळवू नये. अस्वल मी पाहिलं, अशी तिची समजूत आहे. ती व्हायला मी थोडा कारणीभूत आहे.

ता.क. तिसरा, अक्षर वेगळं. दाजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून वाचलं. हे गुडघा धरून खोलीकडे लंगडत गेले, तेवढ्यात सावकाशरावांनी गाडीच्या खिडकीतून मला सगळं सांगितलं होतं. तरी रात्री जेवताना यांनी अस्वल सांगितलं तेव्हा घरमालकीणबाईंच्या हातातली पळी तशीच राहिली, आणि मीही दोनदा "मग?" विचारलं. लग्नाला पस्तीस वर्षं झाली, असं बोलताना मी यांना ऐकलं नव्हतं. भाषण रद्द करू नका. सावकाशरावांना मी येण्याचं कबूल करून घेतलंय. ते पहिल्या रांगेत बसतील, आणि हे जिथे अडखळतील तिथे पुढचं सांगतील.