डाव्या नळीचा बार

गिरडजवळून,
वैशाख, १९७९

प्रिय जयवंता,

अंगाला हळद लागायच्या आत हे वाचून घे. आमची शोभावहिनी संध्याकाळी तुमच्याकडे यायला निघेल, तिच्या बांगड्यांच्या डब्यातून हे तुझ्या हाती येईल. माझं अक्षर ओळखून तू डबा तसाच मिटवशील ही धास्ती आहे, पण फाडायचंच असेल तर वाचून फाड. रडगाणं लिहिलेलं नाही. रडायचं होतं ते फागणातच तुरीच्या कुटाराच्या ढिगामागे उरकून टाकलं.

तुमच्या मांडवातला बाजा इथपर्यंत ऐकू येतो. मधे एक नाला आणि तुमच्या चंद्रभानचं वावर, एवढंच तर अंतर आहे. लहानपणी याच अंतरावरून तू शिट्टी मारायचीस, आठवतं? तुझ्या मोठ्या बहिणीच्या लग्नात नवरदेवानं वेशीवर बार काढला आणि खाली पडलेली रिकामी काडतुसं उचलायला आपण तिघं धावलो. तू, मी आणि तुझा भाऊ चंद्रभान. एक तुला मिळालं, एक मला, आणि चंद्रभान रडला म्हणून तू तुझं त्याला देऊन टाकलंस. मग माझ्या काडतुसाच्या तोंडावर ओठ टेकवून तू अशी शिट्टी काढलीस की वेशीतले बैल बुजले. लक्ष्मणराव, म्हणजे तुझे बाबा, ओरडले, "अवो पोरी, बार कमी पडले काय, तू वाजवून राह्यली?" ते लाल काडतूस माझ्याकडे अजून आहे. वर्ध्याच्या होस्टेलात टेबलावर असायचं. पोरं विचारायची शिकार करतोस का, मी हो म्हणायचो.

तुमच्या घरची रीत तुला मी काय सांगायची. पण परवापासून तीच डोक्यात फिरते आहे. वऱ्हाड वेशीवर आलं की नवरदेवानं मुलीकडच्या बंदुकीतून दोन बार आभाळात काढायचे. उजवा सासरचा, डावा माहेरचा. दोन्ही वाजल्याशिवाय गावात पाय ठेवायचा नाही. आणि नवरी आत बसून नुसती ऐकते. बंदूक तुमच्याकडे कधीच नव्हती, ती पिढ्यानपिढ्या आमच्याच घरून यायची. परवाना बाबांच्या नावाचा, म्हणून सोबत आमचे नत्थूजीकाका यायचे, फेटा बांधून, जणू त्यांचंच लग्न. तुझ्या आत्याचं, बहिणीचं, सगळ्यांचं सासर-माहेर आमच्याच दुनळीतून वाजलं. आता तुझं.

ही दुनळी वर्षभर माजघरात खुंटीला टांगलेली असते हे तू पाहिलं आहेस. गेल्या थंडीत डाव्या नळीत कुंभारमाशीनं मातीचं घर केलं. कोणी पाहिलं नाही. तुरीत डुकरं शिरली तेव्हा काकांनी नळीतून उजेड न पाहताच काडतूस भरलं आणि घोडा ओढला. माती अडली आणि नळी फुगली. काकांचा हात दोन बोटं जवळ असता तर गेला असता, तेवढ्यावर निभावलं. वरून नुसता फुगवटा दिसायचा. खरी इजा खाली आहे, नळीखालच्या लाकडाआड, बार काढताना डावा हात जिथं धरतो बरोबर तिथं.

मी तेव्हा वर्ध्यात होतो. तुझं आष्टीकडे जमल्याची बातमी घरच्या पोस्टकार्डात शेवटच्या ओळीत आली, कपाशीच्या भावाच्या खाली. मी प्रॅक्टिकल अर्धवट सोडलं, परीक्षानळी हातातच होती ती बेसिनमध्ये आपटली आणि एस.टी. धरली. पुन्हा कॉलेजात गेलो नाही. हिंगणघाटच्या स्टँडवर त्याच महिन्यात तू भेटली होतीस, डी.एड.ची वह्यांची पिशवी छातीशी धरून. बोरं दिलीस मला. आणि म्हणालीस, "गुणवंत, तू वाईट नाहीस. मले तुह्या रागाचं भेव वाटते." मला वाटलं हे बहाणे आहेत. मला वाटलं आष्टीवाल्याची बँकेतली नोकरी बोलते आहे.

मग मी तुमच्या अंगणात येऊन लक्ष्मणरावांना सरळ विचारलं. तुला हे नंतर कळलं असेल. ते म्हणाले, "डिग्री नाई, नोकरी नाई, नुसतं डोस्कं गरम. तुह्या बापाची दोस्ती आहे म्हणून अंगणात उभा तरी आहेस." मी घरी गेलो नाही. पारावर बसलो आणि चार माणसांत म्हणालो की तुझ्या नवरदेवाला, प्रभाकरला मिरगी येते, फेफरं येऊन पडताना आष्टीच्या बाजारात लोकांनी पाहिलं आहे. आठवडाभर गावात तीच गोष्ट. तुझे बाबा आष्टीला गेले, डॉक्टरला भेटले, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून आले. खोटं निघालं. त्या दिवसापासून गावात माझ्या शब्दाला काय वजन आहे ते तू जाणतेस. हे लिहितो आहे कारण पुढचं सगळं त्या एका खोट्यावर येऊन अडलं आहे.

लग्न तोंडावर आलं तेव्हा बाबांनी दुनळी माझ्या हाती दिली. रिकामा बसतोस तर बंदूक दुरुस्त करून आण. मिस्त्री कोणता धरायचा याची त्यांची एकच कसोटी. "जो मिस्त्री पहिला बार आपल्या खांद्यावरून काढत नाई, त्याच्या हातात बंदूक द्याची नाई." बाकी त्याचं दुकान कसं आहे, तो गोड बोलतो का, काही पाहू नको म्हणाले. म्हणून मी आधी हिंगणघाटला रामाजी मिस्त्रीकडे गेलो. त्यानं लाकूड काढलं, नळीवर रॉकेलचा बोळा फिरवला, कोरडं पुसलं आणि वरून खडू चोळला. जरा वेळानं पांढऱ्यावर तड्याची एक काळी रेघ उठली, केसासारखी. म्हणाला, "डावी नळी मेली, बाबू. मी हिले नाई जगवत. डावा घोडा काढून देतो, एका नळीवर चालवा." मी म्हटलं लग्नात दोन बार लागतात. त्यानं बंदूक माझ्याकडे सरकवली. "लग्न वाट्टेल त्याचं असो. या नळीचा बार मी काढणार नाई, मंग दुसऱ्याच्या हातात काऊन देऊ?" त्याचं तोंड कडू होतं, चहासुद्धा विचारला नाही. पण मला त्याचा राग आला नाही. खरं सांगू? ती काळी रेघ पाहिली आणि मला एकदम शांत वाटलं. फागणानंतर पहिल्यांदाच डोकं गार झालं. असल्या गारव्याचं आता मला भेव वाटतं.

तिथून मी घरी यायला हवं होतं. मी समुद्रपूरला उतरलो. बाजाराच्या मागे तानबा बसतो. पंप, कुलपं, शिवणयंत्रं, काहीही दुरुस्त करतो, आणि पाहुण्यासारखं बसवतो. त्यानं फुगवटा ठोकून बसवला, फट पितळेनं भरली, वरून काळं चढवलं. मी म्हटलं दिसायला नको. म्हणाला, "गुण्याभाऊ, अशी चमकवून देतो का नवरदेव नवरी सोडून इलेच पाह्यत बसन." मी हसलो. खांद्याला टेकतो त्या लाकडी दस्त्यावर पितळेचं फूल बसवायला मीच सांगितलं. खांद्याला धक्का बसू नये म्हणून मागे ट्यूबचं रबर लावून घेतलं. दस्ता जरा कापूनही घेतला. साखरपुड्यात प्रभाकररावाला मी मांडवाबाहेरून पाहिलं होतं, हात आखूड आहेत त्याचे, माप डोळ्यात बसलं होतं. शेवटी मी तानबाला विचारलं, पहिला बार तू काढतो का. तो म्हणाला, "मी काऊन काढू? ज्याचं लगन त्याचा बार." तेव्हाच मला मिस्त्री मिळाला, जयवंता. बाबांनी दिलेल्या कसोटीवरच निवडला, फक्त उलट्या बाजूनं.

घरी बाबांनी विचारलं, पहिला बार काढला काय त्यानं? मी म्हटलं, काढला, दोन्ही नळ्यांचा, माझ्यासमोर. त्यांनी बंदूक हातात घेऊन फिरवली आणि मला चहा दे म्हणून वहिनीला आवाज दिला. कित्येक महिन्यांनी. काका परवा दुनळी घेऊन तुमच्याकडे आले तेव्हा तुझे बाबा म्हणे पितळेच्या फुलावरून हात फिरवत बसले होते. म्हणाले, "पोट्टं सुधरलं दिसते." काकांनी मला कौतुकानं हे येऊन सांगितलं. त्यांना वाटलं मला बरं वाटेल.

काल दुपारी वहिनी तुमच्याकडून पापड लाटून आली आणि हसत हसत सांगू लागली. आष्टीहून निरोप आला आहे. नवरदेव म्हणते, मले बंदुकीची आदत नाई, माह्या वतीनं साळ्यानं बार काढावा. आणि चंद्रभान सकाळपासून रिकामी दुनळी खांद्याला लावून अंगणात फिरून राह्यला आहे, सगळ्यांना विचारतो, मी कसा दिसतो. वहिनीला कळेना मी ताटावरून का उठलो.

चंद्रभान. ज्याला तू तुझं काडतूस दिलंस तो. त्याचा डावा हात कुठं असेल ते माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तू विचारशील, निरोप आला नसता तर? प्रभाकररावाच्याच हातात असती तर तू काय केलं असतंस? मी कालपासून स्वतःला तेच विचारतो आहे. शेवटच्या घडीला ओरडलो असतो असं लिहायला सोपं आहे. पण मला ठाऊक नाही. हिंगणघाटच्या स्टँडवर तू जे म्हणालीस ते मला माझ्याबद्दल तेव्हाच कळलं असतं तर मी पारावर तोंड उघडलंच नसतं.

मी तसाच नाला ओलांडून तुमच्याकडे धावलो. अंगणात सगळ्यांसमोर सांगितलं की डावी नळी फुटकी आहे, बार काढू नका. तुझे बाबा म्हणाले, "परवा मिरगी, आज नळी. उद्या म्हणशील मांडवाले दिमक लागली." बायका हसल्या. चंद्रभाननं मला खांद्याला धरून फाटकाबाहेर नेलं, हळूच नेलं, ढकललं नाही. म्हणाला, "लेका, जळून राह्यला तू. माह्या बहिणीचं सुख पाहवत नसन तर दोन दिवस तोंड नको दाखवू." काकांना सांगितलं, ते म्हणाले नळी फुगवल्याचा ठपका माझ्यावर ठेवून झाला, आता दुरुस्त बंदुकीलाही नावं ठेवतोस. आणि बाबा. बाबांना मी तानबाचं नाव सांगितलं, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "परवा म्हणालास दोन्ही बार काढले. आज म्हणतोस नाई काढले. कोणत्या दिवशीचा गुणवंत माह्या पोटचा आहे?" आणि ते वावरात निघून गेले.

म्हणून हे पत्र तुला. गावात एकटी तूच आहेस जिला माझ्यावर विश्वास ठेवायची गरज नाही, तू तपासून पाहू शकतेस. वहिनी सांगते, पूजेसाठी बंदूक देवखोलीत ठेवली आहे, आणि हळद लागली की तुलाही तिथंच बसवतील. काडतुसं काकांच्या खिशात आहेत, बंदूक रिकामी आहे, भिऊ नको. तरी तोंड भिंतीकडेच राहू दे. नळीखालचं लाकूड ओढलं की सुटतं. कंदिलातलं थोडं रॉकेल बोळ्यावर घेऊन डाव्या नळीला खालून लाव, कोरडं पूस, आणि तुझ्या डी.एड.च्या पेटीतला खडू चोळ. पितळेच्या कडेनं रेघ उठेल. ती उठली की चंद्रभानला आत बोलाव आणि दाखव, माझं नावही घेऊ नको. पण हे पत्र तू वाचलंच नाहीस, किंवा डबा दुसऱ्या कुणी उघडला, तर मला कळायला मार्ग नाही. म्हणून उद्या मी वेशीवर असेन. काका काडतुसं भरून बंदूक चंद्रभानच्या हाती देताना मी ती हिसकून घेईन. लोक म्हणतील गुण्या लग्नात दंगा करायला आला, म्हणू देत. जो बंदूक दुरुस्त करून आणतो त्यानंच पहिला बार आपल्या खांद्यावरून काढावा, एवढी बाबांची गोष्ट तरी सरळ बाजूनं पाळीन. तू आत बसून ऐकशील. बंदूक आलीच नाही आणि वऱ्हाड नुसत्या बाजावर गावात शिरलं, तर समजेन तू खडू लावलास. पण उजव्याच्या आधी डावा वाजला, तर बाहेर धावून येऊ नको आणि चंद्रभानला हाक मारून पाहा. तो ओ देईल. तो माहेरचा बार असेल, आणि तो मी काढलेला असेल.

तुझाच, हा शब्द तुला न विचारता लिहिला,
गुणवंत