हळदीच्या दिवशी उघडलेली मोटार

आई, आज माझ्या हळदीचा दिवस आठवतो आहे. लग्न मंगरूळपीरला, सासरच्या दारी, आणि कारंज्याहून नवरी न्यायची ती बाबा भाड्यानं चालवायचे त्या आपल्या मोटारीतूनच, हा त्यांचा हट्ट. इंजिन फार घरघरतं म्हणून त्यांनी ते उघडलं, आतली दोन दातेरी चाकं काढली. पुन्हा बसवली तर मोटार नुसती खोकायची, मध्येच फटाक्यासारखी वाजायची. धाकटं चाक इंजिनाच्या दांड्याचं, थोरलं झडपा उघडणाऱ्या दांड्याचं. दोन्हींवर कारखान्याची खूण असते आणि खुणेसमोर खूण आली तरच मेळ बसतो. ती खूणच बाबांना सापडत नव्हती.

मी हळद लावून स्वयंपाकघराच्या दारात बसले आहे. तू चुलीपासून उठतेस. "नाई जमत तं सांगा, बैलाची दमणी जुपाले लावू."

"थांब ना जरासक. खूण दिसूनच नाई राह्यली."

"कशी असते ते?"

"बारीक ठिपका. लोखंडात ठोकेल."

"भांड्यावरच्या नावासारका? मंग आना इकडं."

लग्नाकार्यात गेलेली आपली भांडी तू अशीच ओळखायचीस, काजळी घासून, उन्हात तिरपी धरून. चाकं राकेलात बुडवून तू राखेनं घासलीस आणि मला हाक मारलीस. आत्या कुरकुरली, "हळदीच्या पोरीले त्या काळ्यात कायले बोलावतं?"

"तिचे डोळे तरने हायेत," तू म्हणालीस.

मी वाकून पाहिलं. धाकट्या चाकाच्या एका दातावर मोहरीएवढा ठिपका, थोरल्याच्या दोन दातांमध्ये तसाच दुसरा. तू माझ्या वाटीतली हळद बोटावर घेऊन दोन्हींना लावलीस. बाबांनी पिवळ्यासमोर पिवळं आणून चाकं बसवली, हँडल मारलं, आणि मोटार सुरू झाली. "आता इचीबी हळद झाली," ते म्हणाले. तू तोंड फिरवलंस, हसू दिसू नये म्हणून. "अंगनातलं लोखंड उचला आधी. पावने येतीन."

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. मला सोडून तुम्ही निघालात तेव्हा तू वळून पाहिलंस, आणि माझे डोळे कोरडे होते. तुला ते लागलं असेल. मोटार वळणाआड गेली तरी तिचा आवाज येत होता, एकसारखा, कुठेही न अडखळता. तुम्ही दोघं नीट घरी पोचणार, एवढंच तेव्हा मनात होतं. रडू नंतर आलं, पुष्कळ आलं. तू असताना हे सांगायचं राहून गेलं, आणि आता हा कागद टाकायला टपालाची पेटी नाही.