नव्या मशीनचे स्पीकर

बोरी, मंगळवार संध्याकाळ

आज परभणीला जाऊन नव्या कॉम्प्युटरचे पार्ट ठरवून आले. हे वारल्यापासून लग्नांच्या व्हिडिओचं काम माझ्यावरच आलंय. शूटिंग ह्यांनी केलेलं, मिक्सिंग राहिलेलं. जुनं मशीन फाईल उघडली की बंद पडायलंय. लोक तरी किती थांबतील?

दुकानदार म्हणाला, "ताई, ग्राफिक कार्ड भारी घ्यायचं का रॅम वाढवायची? दोन्ही तुमच्या बजेटात बसंना." रॅम वाढवा म्हणाले. हार्ड डिस्क मात्र मोठी मागितली. व्हिडिओ दिला की मूळ शूटिंग आम्ही पुसून टाकायचो. आता पुसायचं नाही. हे सगळं बोलताना मला काहीच वाटत नव्हतं. दुसऱ्याच कुणासाठी घ्यायला आल्यासारखं.

"आणि स्पीकर?" मी नको म्हणाले. पैशासाठी म्हणाले का? नाही. मूळ शूटिंगात कॅमेऱ्यामागून ह्यांचा आवाज येतो. "मावशी, जरा इकडं बघा." आवाज बंद ठेवूनच काम करायचं, मग वरून गाणी टाकायची, असं ठरवलं होतं.

घरी आले तर सासूबाई दारातच बसलेल्या. "माय, त्या नव्या मशीनमधी त्याचा आवाज येईल का गं? एकदा ऐकायचाय मला."

येईल म्हणाले. आत येऊन दुकानदाराला फोन लावला. रॅम कमी करा, स्पीकर टाका.

"कोणते टाकू, ताई?"

"जरा मोठ्या आवाजाचे द्या. आमच्या सासूबाईंना कमी ऐकू येतं."